हाताचे व्याकरण : फ्रान्झ सिमांड्ल आणि डबल बेसच्या अध्यापनाची परंपरा

१

प्रयोगकलांचा इतिहास लिहिताना एक अडचण नेहमी उभी राहते. कवीची संहिता त्याच्या मागे उरते. वादकाचे वादन मात्र, विशेषतः ध्वनिमुद्रणाचे तंत्र रूढ होण्यापूर्वीच्या काळात, त्याच्याबरोबरच संपते. उरतात त्या आख्यायिका, समकालीनांचे अभिप्राय आणि शिष्यांची नावे. त्यामुळे वादकांची चरित्रे बहुधा प्रवास, दरबार, टाळ्या आणि मानसन्मान यांच्या आधारे रचली जातात. ज्याच्या आयुष्यात यांपैकी फारसे काही घडले नाही, तो इतिहासाच्या कडेला पडतो.

फ्रान्झ सिमांड्ल (१८४०–१९१२) हा असाच एक वादक होय. बोहेमियातील ब्लात्ना या लहान गावी त्याचा जन्म झाला, प्राग येथे शिक्षण झाले आणि १८६९पासून पुढचे आयुष्य व्हिएन्नात गेले. तेथे तो राजदरबाराच्या ऑपेरा-वाद्यवृंदात डबल बेस वाजवीत असे आणि कॉन्झर्व्हेटरीत तेच वाद्य शिकवीत असे. अध्यापनाचे हे काम त्याने १९१०पर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ केले. कारकिर्दीचा आराखडा एवढाच. तरीही डबल बेस शिकणाऱ्यांपैकी फार मोठ्या संख्येने विद्यार्थ्यांनी त्याच्या हाताखाली, त्याला न पाहता, शिक्षण घेतले आहे. कारण त्याने लिहिलेला पाठ्यग्रंथ शंभराहून अधिक वर्षे वापरात आहे.

या कारकिर्दीचा विचार करताना दोन प्रश्न महत्त्वाचे ठरतात. हातातून हातात जाणारी विद्या जेव्हा ग्रंथात उतरते, तेव्हा तिचे काय होते? आणि हा ग्रंथ ज्या संस्थेत जन्मला, त्या संस्थेच्या भिंतींपलीकडे तो कोणापर्यंत पोहोचतो? ग्रहण, भाषांतर आणि संहितेचा प्रवास यांचा अभ्यास करणाऱ्या तौलनिक साहित्याला हे दोन्ही प्रश्न परके नाहीत.

२

सिमांड्लच्या कार्याचे मोल समजण्यासाठी आधी या वाद्याची अवस्था पाहावी लागते. डबल बेस हे पाश्चात्त्य वाद्यवृंदातील सर्वांत मोठे आणि सर्वांत खालच्या स्वरांचे तंतुवाद्य. वादक ते उभे राहून अथवा उंच स्टुलावर टेकून वाजवतो. व्हायोलिन आणि चेलो यांची रूपे बरीच आधी स्थिरावली. डबल बेसच्या बाबतीत मात्र आकार, तारांची संख्या, तारांची जुळणी आणि गज धरण्याची पद्धत यांपैकी कशातही एकवाक्यता नव्हती. कोठे तीन तारा, कोठे चार, कोठे पाच. एका शहरात शिकलेला वादक दुसऱ्या शहरात गेला, तर त्याला जणू नवी भाषा शिकावी लागे.

या भिन्नतेची किंमत व्हिएन्नाएवढी क्वचितच कोणत्या शहराने मोजली असेल. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे पाच तारांचे, पडदे असलेले एक विशिष्ट वाद्य प्रचारात होते. त्याच्या तारा एफ, ए, डी, एफ-शार्प आणि ए अशा जुळवत, आणि त्यामुळे डी मेजर या स्वरजातीतील वादन विलक्षण सुकर होई. या वाद्यासाठी एक समृद्ध वाङ्मय निर्माण झाले. डिटर्सडोर्फ आणि वान्हाल यांनी काँचेर्तो रचले. योहानेस श्पेर्गर (१७५०–१८१२) या वादक-रचनाकाराने तर अठरा काँचेर्तो लिहिले. हायडननेही एक काँचेर्तो रचला होता. पण तो हरवला, आणि त्याच्या स्वतःच्या रचनासूचीत नोंदलेला आरंभीचा तुकडा तेवढा उरला. मोझार्टने १७९१मध्ये खर्जातील पुरुषस्वर आणि डबल बेस यांच्यासाठी एक स्वतंत्र आरिया लिहिली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही जुळणी मागे पडली आणि तिच्याबरोबर हे सारे वाङ्मयही मुके झाले. कागद शिल्लक होते, स्वर वाचता येत होते; परंतु मोझार्टच्या आरियातील डबल बेसचे जलद स्वरसमूह नव्या जुळणीच्या वाद्यावर हाताला जवळजवळ अशक्य वाटू लागले.

एखादी लिपी वाचणारे नाहीसे व्हावेत, असाच हा प्रकार होता. येथे लक्षात येते ते असे की, रचना लिहून ठेवणे हे परंपरा टिकवण्यास पुरेसे नसते. ती रचना वाजवणारा हात कसा घडतो, हेही कोठेतरी नोंदले जावे लागते. सिमांड्ल व्हिएन्नात आला तो अशा विस्मरणानंतरच्या काळात.

३

सिमांड्लचे शिक्षण मात्र निराळ्या परंपरेत झाले होते. प्राग येथील कॉन्झर्व्हेटरी १८११मध्ये सुरू झाली, आणि तेथे डबल बेसचे अध्यापन आरंभापासून होते. पहिला अध्यापक वेन्झेल हाउसे. त्याने या वाद्यासाठी शिक्षणग्रंथ लिहिला. त्याचा शिष्य योसेफ ह्राबे (१८१६–१८७०) पुढे तेथेच शिकवू लागला. त्याने रचलेल्या अभ्यासरचना आजही वाजवल्या जातात. सिमांड्ल हा ह्राबेचा शिष्य. म्हणजे तीन पिढ्यांची अखंड गुरुपरंपरा त्याच्यामागे उभी होती, आणि प्रत्येक पिढीने शिकवता शिकवता काही लिहूनही ठेवले होते. सिमांड्लचा ग्रंथ एकट्याच्या प्रतिभेतून निघालेला नाही. प्रागच्या वर्गखोलीत साठत गेलेल्या अनुभवाची ती सुव्यवस्थित मांडणी आहे.

१८६९ हे वर्ष त्याच्या दृष्टीने निर्णायक ठरले. त्या वर्षी मे महिन्यात व्हिएन्नातील नवे ऑपेरागृह उघडले. त्याच वर्षी सिमांड्ल तेथील वाद्यवृंदात आला आणि कॉन्झर्व्हेटरीत शिकवू लागला. याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये म्युनिक येथे वाग्नरच्या ‘दास राइनगोल्ड’चा पहिला प्रयोग झाला. त्या कृतीच्या आरंभी १३६ मापांपर्यंत संगीत एकाच ई-फ्लॅट स्वरसंवादावर स्थिर राहते. हा मूळ स्वर धरून ठेवण्यासाठी काही डबल बेसवादकांना आपली सर्वांत खालची तारच उतरवून घ्यावी लागते. वाद्यवृंदाचा विस्तार वाढत होता आणि रचनाकार खर्जाच्या वाद्यांकडून पूर्वी कधीच न मागितलेल्या गोष्टी मागू लागले होते. बेटोव्हनच्या नवव्या सिंफनीतील (१८२४) चेलो आणि डबल बेस यांचे गद्यसदृश स्वरकथन हा पूर्वी एक अपवाद होता. पुढे व्हेर्दीने ‘ओतेल्लो’च्या (१८८७) अखेरच्या अंकात एकट्या डबल बेसच्या वादकसमूहावर एक संपूर्ण प्रसंग सोपवला, तर माहलरच्या पहिल्या सिंफनीत (१८८९) एका भागाचा आरंभच डबल बेसच्या एकल वादनाने झाला.

अशा वेळी वाद्यवृंदांना एखाद-दुसऱ्या चमत्कारी वादकाची नव्हे, तर आठ-दहा वादक एकसारखा आणि सुरेल वाजवतील अशा फळीची गरज होती. सिमांड्लने आपले आयुष्य त्या गरजेसाठी वेचले.

४

सिमांड्लचा ग्रंथ दोन भागांत विभागलेला आहे. पहिला वाद्यवृंदातील वादनाची तयारी करून देतो, दुसरा मैफलीतील एकल वादनाची. पहिल्या भागाची रचना पाहिली, तर तिच्यामागील विचार स्पष्ट होतो.

डबल बेसच्या तारेची कंप पावणारी लांबी साधारणपणे १०५ ते ११० सेंटिमीटर असते. एवढ्या लांब तारेवर खालच्या भागात एका अर्धस्वराचे अंतर सुमारे सहा सेंटिमीटर भरते. व्हायोलिनवादकाचा हात एका जागी राहून चौथ्या स्वरापर्यंत सहज पोहोचतो. डबल बेसवादकाच्या हातात मात्र एका पूर्णस्वरापेक्षा अधिक काही मावत नाही. त्यातही अनामिका दुबळी असल्याने ती आणि करंगळी मिळून एका बोटाचे काम करतात. म्हणून पहिले, दुसरे आणि चौथे अशी तीनच बोटे प्रत्यक्षात मोजली जातात. तारा ई, ए, डी, जी अशा चार-चार स्वरांच्या अंतरावर जुळवण्यामागेही हाताची हीच मर्यादा आहे. याचा अर्थ असा की, साधी स्वरमालिका वाजवतानाही हात सतत सरकत राहतो. प्रत्येक सरकणे ही बेसूर होण्याची संधी असते, कारण फिंगरबोर्डवर पडदे नाहीत.

सिमांड्लने या संपूर्ण प्रदेशाची क्रमवार विभागणी केली. अगदी वरच्या टोकाजवळच्या ‘अर्ध्या स्थाना’पासून सुरुवात करून प्रत्येक स्थान, आणि दोन स्थानांमधले मधले स्थानही, त्याने स्वतंत्र पाठाचा विषय केले. एक स्थान पक्के झाल्याशिवाय पुढचे नाही. प्रत्येक स्थानात आधी स्वर, मग स्वरांतरे, मग त्या स्थानापुरती छोटी अभ्यासरचना, आणि मग आधीच्या स्थानांशी त्याची सांगड. विद्यार्थी फार पुढे जाईपर्यंत त्याला ‘संगीत’ म्हणावे असे फारसे काही वाजवायला मिळत नाही. दुसऱ्या भागात हाताचा अंगठा तारेवर येतो, चेलोप्रमाणे उंच स्वरांचा प्रदेश खुला होतो. शिवाय सिमांड्लने मैफलीच्या वादनासाठी वेचक रचनांची एक मालिकाही संपादित केली.

या ग्रंथाला रुक्ष म्हटले गेले आहे, आणि ते खोटे नाही. परंतु ही रुक्षता व्याकरणाची आहे. व्याकरण वाचून कोणी कवी होत नाही. पण भाषा ज्यांच्या घरात बोलली जात नाही, अशांना तिच्यात प्रवेश करण्याचा रस्ता व्याकरणातूनच जातो. सिमांड्लने कोणतीही रचना शिकवण्यापूर्वी हात शिकवला. कोणता स्वर कोठे आहे, तेथे कोणत्या बोटाने जायचे आणि कोठून जायचे, हे त्याने अशा रीतीने लिहिले की, गुरू समोर नसतानाही विद्यार्थ्याला आपली चूक कळावी.

५

त्याच्या जवळपासच्या काळातील जोव्हान्नी बोत्तेसीनी (१८२१–१८८९) याच्याशी तुलना केल्यास ही निवड अधिक ठळक होते. इटलीतील क्रेमा येथे जन्मलेला बोत्तेसीनी १८३५मध्ये मिलान येथील कॉन्झर्व्हेटरीत गेला, तेव्हा बासून आणि डबल बेस या दोनच वाद्यांसाठीच्या शिष्यवृत्त्या उरल्या होत्या. त्याने दुसरी स्वीकारली. पुढे तीन तारांच्या डबल बेसवर त्याने जे प्रभुत्व मिळवले, त्यामुळे त्याला ‘डबल बेसचा पागानिनी’ म्हटले जाऊ लागले. हवाना, लंडन, पॅरिस अशी त्याची भ्रमंती होती. ऑपेरा लिहिणे आणि त्यांचे संचालन करणे हेही त्याचे क्षेत्र होते. कैरो येथे २४ डिसेंबर १८७१ रोजी झालेल्या ‘आइदा’च्या पहिल्या प्रयोगाचे संचालन त्यानेच केले.

बोत्तेसीनीनेही शिक्षणग्रंथ लिहिला होता, आणि त्याचीही विभागणी वाद्यवृंद आणि एकल वादन अशीच होती. तरीही दोघांच्या वारशाचे स्वरूप निराळे झाले. बोत्तेसीनी आज ओळखला जातो तो त्याच्या रचनांमुळे. डबल बेसच्या एकल वादनाचा कोणताही गंभीर विद्यार्थी त्याच्या काँचेर्तोपर्यंत कधीतरी येतोच. मात्र त्या रचनांपर्यंत पोहोचण्यासाठी लागणारा हात असंख्य विद्यार्थ्यांनी सिमांड्लच्या पाठांवर घडवला आहे. एकाने संहिता ठेवली, दुसऱ्याने ती वाचण्याची क्षमता. व्हिएन्नाच्या जुन्या वाङ्मयाचे जे झाले ते बोत्तेसीनीच्या रचनांचे झाले नाही, याचे एक कारण या दुसऱ्या प्रकारच्या वारशातही शोधावे लागते.

याच प्रागच्या परंपरेची आणखी एक शाखा मॉस्कोला गेली. सेर्गेई कुसेवित्स्की (१८७४–१९५१) हा गरीब घरातील मुलगा तेथील संगीतशाळेत दाखल झाला, तो डबल बेसला शिष्यवृत्ती मिळत होती म्हणून. त्याला शिकवणारा रांबोउसेक हा चेक होता. बोत्तेसीनी आणि कुसेवित्स्की या दोघांचीही वाद्याशी पहिली भेट गरजेतून व्हावी, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. ज्या वाद्यावर कीर्ती मिळण्याची शक्यता कमी, त्याच्या जागा रिकाम्या राहतात, आणि त्या रिकाम्या जागांतून ऐपत नसलेल्यांची मुले संगीतात शिरतात.

६

सिमांड्लचा ग्रंथ अमेरिकेत पोहोचला तो माणसांबरोबर. त्याचा शिष्य लुडविग मानोली न्यूयॉर्कला स्थायिक झाला. मानोलीचा शिष्य हर्मन राइनशागेन. तो न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये मुख्य डबल बेसवादक झाला. राइनशागेनचा शिष्य फ्रेडरिक झिमरमन (१९०६–१९६७) याने जुलियार्ड येथे अध्यापन केले आणि सिमांड्लच्या ग्रंथाची इंग्रजी आवृत्ती संपादित केली. येथे ग्रंथ आणि गुरुपरंपरा यांचे नाते सरळ दिसते : ग्रंथाचा संपादक हा ग्रंथकर्त्याच्या शिष्याच्या शिष्याचा शिष्य आहे.

राइनशागेन पुढे कॅलिफोर्नियात शिकवू लागला, तेव्हा या परंपरेला एक अनपेक्षित वळण मिळाले. लॉस एंजेलिसमधील एक कृष्णवर्णीय तरुण त्याच्याकडे पाच वर्षे शिकला. तो म्हणजे चार्ल्स मिंगस (१९२२–१९७९). मिंगसने आरंभी चेलोचे शिक्षण घेतले होते. परंतु त्या काळच्या अमेरिकेत सिंफनी वाद्यवृंदाचे दार कृष्णवर्णीय वादकाला जवळजवळ बंदच होते. तो डबल बेसकडे आणि जॅझकडे वळला आणि विसाव्या शतकातील जॅझच्या प्रमुख रचनाकारांपैकी एक ठरला. व्हिएन्नाच्या शाही ऑपेरासाठी घडवलेली हाताची शिस्त अशा रीतीने त्या ऑपेराने कधी कल्पनाही न केलेल्या संगीतात गेली.

याच राइनशागेनचा आणखी एक शिष्य गॅरी कार (जन्म १९४१). लेनर्ड बर्नस्टाइन याच्या मुलांसाठीच्या दूरचित्रवाणी मैफलीत १९६२मध्ये त्याने एकल वादन केले. कुसेवित्स्कीच्या पत्नीने पतीचे वाद्य त्याला दिले, आणि १९६७मध्ये त्याने डबल बेसवादकांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली. मॉस्कोकडे गेलेली शाखा आणि न्यूयॉर्ककडे गेलेली शाखा अशा प्रकारे एका वादकाच्या हातात पुन्हा एकत्र आल्या.

या प्रवासाची दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. ज्या ऑपेरा-वाद्यवृंदात सिमांड्ल बसत असे, त्यातूनच व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे सदस्य निवडले जातात. त्या संस्थेने स्त्रीवादकाला सदस्यत्व दिले ते १९९७मध्ये. तोपर्यंत जगभरच्या कितीतरी विद्यार्थिनींनी सिमांड्लचे पाठ गिरवले होते. संस्था आपले दार बंद ठेवू शकते. तिच्यात जन्मलेला ग्रंथ मात्र विकत घेणाऱ्याची जात, वर्ण किंवा लिंग विचारीत नाही. सिमांड्लने हे योजून केले, असे सुचवण्याचे कारण नाही. विद्या लिहून ठेवण्याचा हा परिणाम लिहिणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून नसतो.

७

तथापि ग्रंथ जसा मार्ग दाखवतो, तसाच तो मार्ग ठरवूनही टाकतो. तीन बोटांची आणि क्रमाने चढत जाणाऱ्या स्थानांची ही पद्धत इतकी रूढ झाली की, वाद्याच्या स्वभावातूनच ती आली आहे असे मानले जाऊ लागले. वास्तविक ती एका विशिष्ट शहरातील, विशिष्ट वाद्यवृंदाच्या गरजांसाठी केलेली योजना होती. गज धरण्याच्या बाबतीतही मध्य युरोपातील तळहात वर वळवलेली पकड आणि बोत्तेसीनीच्या मार्गाने रूढ झालेली, चेलोसारखी वरून धरण्याची पकड असे दोन पंथ आजही टिकून आहेत.

या चौकटीला विसाव्या शतकात दिल्या गेलेल्या उत्तरांपैकी एक महत्त्वाचे उत्तर फ्रान्स्वा रबात याचे. १९३१मध्ये सीरियातील अलेप्पो येथे जन्मलेल्या रबातला बैरूतमध्ये एका शिंप्याच्या दुकानात डबल बेसचा एक जुना शिक्षणग्रंथ सापडला. तो पॅरिस कॉन्झर्व्हेटरीतील एद्वार नानी याचा होता. फ्रेंच नीट येत नव्हते, स्वरलिपी वाचता येत नव्हती. तरी त्या ग्रंथावरून तो वाद्य शिकला. पुढे पॅरिसला गेला, तेव्हा नानी हयात नसल्याचे त्याला कळले. भारतीय वाचकाला येथे एकलव्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. फरक एवढाच की, या द्रोणाने अंगठा मागितला नाही. उलट रबातने पुढे अंगठ्याचा आणि हाताच्या वळणाचा उपयोग अधिक मुक्तपणे करून संपूर्ण फिंगरबोर्डची अवघ्या सहा स्थानांत नवी विभागणी केली. आणि या नव्या तंत्राचे त्याने काय केले? तेही ग्रंथरूपानेच मांडले.

८

मराठी वाचकाला हा सारा इतिहास परिचित वाटेल, कारण याच स्वरूपाचा वाद आपल्याकडेही झाला आहे. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी देशभर फिरून घराण्यांतील बंदिशी मिळवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत त्या मराठीतून, स्वरलिपीसह प्रसिद्ध केल्या. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापून सामुदायिक शिक्षणाचा पाया घातला. पुस्तकातून गाणे येते काय, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जात आहे.

या दोन प्रयत्नांत साम्य आहे तसा एक मूलभूत भेदही आहे. भातखंड्यांपुढे समृद्ध संहिता होती आणि ती काही घराण्यांच्या ताब्यात होती. म्हणून त्यांनी बंदिश लिहून घेतली. गळा कसा घडवावा, हे काम मोठ्या अंशी गुरूकडेच राहिले. सिमांड्लपुढे संहितेचा मोठा भाग मुका झालेला होता. त्याने हात लिहून ठेवला आणि संहिता पुढे येणाऱ्यांवर सोपवली. पुढे विसाव्या शतकात श्पेर्गर आणि वान्हाल यांच्या विसरलेल्या रचना पुन्हा प्रकाशित झाल्या आणि काही वादकांनी जुनी जुळणी नव्याने आत्मसात केली. ते शक्य झाले, कारण तोवर या वाद्यावर सराईतपणे चालणारे हात जगभर तयार होते.

परंपरेचे रक्षण म्हणजे केवळ कृतींचे रक्षण, असे गृहीत धरण्याकडे साहित्याभ्यासाचा कल असतो. सिमांड्लची कारकीर्द या गृहीताला एक मर्यादा घालते. कृतीबरोबरच ती वाचणारा, म्हणणारा किंवा वाजवणारा देह घडवण्याची रीतही नोंदली गेली, तरच ती कृती पुढच्या पिढीला उपलब्ध राहते. अशी नोंद करणारा माणूस बहुधा स्वतः मागे राहतो. व्हिएन्नातील चाळीस वर्षांत सिमांड्लने कसे वाजवले, हे आज ऐकता येत नाही. त्याने काय शिकवले, ते मात्र वाद्य प्रथमच हाती घेतलेला एखादा विद्यार्थी अर्ध्या स्थानावर पहिले बोट ठेवतो, तेव्हा पुन्हा ऐकू येते.